उपाशी पोट, न पाहिलेली गाठ

शंकेखोर: तुमचा उत्साह मला कळतो, डॉक्टर, पण विषय निवडताना जरा आजूबाजूला बघा. वृषणाच्या गाठीचे निदान! आपल्या देशात हा कर्करोग वर्षाला लाख पुरुषांमागे एकालाही होत नाही. नॉर्वे, डेन्मार्क या देशांत तो लाखामागे दहाच्या आसपास सापडतो, म्हणून तिथे त्यावर प्रबंध निघतात. उल्हासनगरच्या कॅम्पात माझ्या ओपीडीत ‘खालची जागा दुखते’ म्हणत येणाऱ्याला बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो, नाहीतर हायड्रोसील, हर्निया, क्वचित टीबी. माझ्या साऱ्या प्रॅक्टिसमधले खरे ट्यूमर हाताच्या बोटांवर मोजता येतील. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर मिळून तुम्ही वर्षानुवर्षे रुग्ण गोळा केलेत तरी आलेख काढण्याइतके जमणार नाहीत. हे काम परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयाचे. तिथे देशभरातून रुग्ण येतात, पॅथॉलॉजिस्ट आहेत, आकडे तपासणारे लोक आहेत. आपण चिठ्ठी लिहावी आणि पाठवावे.

आग्रही: टाटाच्या दारात जो पोचतो त्याला आधी कुणीतरी ओळखलेले असते, सर. न ओळखलेला तिथे पोचत नाही, किंवा आजार पोटात, फुप्फुसात गेल्यावर पोचतो. तिथल्या नोंदींवरून गाठ कशी दिसते ते कळेल. आपल्याकडे ती इतके दिवस कुणालाच का दिसली नाही, ते कळणार नाही. नेहमीचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. पंचविशीतला मुलगा, कॅम्प पाचच्या जीन्स कारखान्यात नाहीतर अंबरनाथच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला. एका बाजूला जडपणा आहे, दुखत काही नाही. लाजेत महिना जातो. मग मेडिकलवाल्याकडून गोळ्या. मग कुणीतरी पाच दिवसांचे अँटिबायोटिक देते, गुण आला नाही म्हणून दुसरे, दहा दिवसांचे. एखाद्याचे तर हायड्रोसील समजून सुईने पाणी काढले जाते आणि त्या पाण्याआड असलेली गाठ तशीच राहते. आता दुसरी बाजू पाहा. वृषणात गाठ आहे की नाही हे सांगण्यात सोनोग्राफी जवळजवळ चुकत नाही. उपाशी राहायला नको, शिरेत काही टोचायला नको, दहा मिनिटांचे काम. इतकी सोपी आणि इतक्या खात्रीची तपासणी फार थोड्या आजारांच्या वाट्याला आली आहे. तरीही महिने जात असतील तर चूक प्रोब टेकवण्याआधी होते आहे. ती आपल्या दवाखान्यांत होते, म्हणून मोजायची तर इथेच मोजावी लागेल.

शंकेखोर: म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात फॅमिली डॉक्टर. तेही ठीक, पण फिर्याद नीट मांडा. ताप आहे, लघवीला जळजळ आहे, हात लावू देत नाही इतके दुखते, अशा माणसाला आम्ही अँटिबायोटिक देतो ते बरोबरच देतो. त्यातले बहुतेक बरे होतात. सगळ्यांना सोनोग्राफीला पाठवले तर रोजंदारीवरच्या माणसाचा रोज बुडतो आणि वर खिशातून पैसे जातात. शिवाय तुमची सोनोग्राफी अचूक आहे ती गाठ दिसण्यापुरती. ती गाठ कसली, हे ती दर वेळी सांगत नाही. टीबी असू शकतो, मार लागून साकळलेले रक्त असू शकते, रक्तपुरवठा तुटलेला भाग असू शकतो. वंध्यत्वाची तपासणी करताना हाताला न लागणारे, काही मिलिमीटरचे ठिपके सापडतात आणि त्यांतले बरेचसे निरुपद्रवी निघतात. परदेशात अशा वेळी वृषण वाचवून तेवढा ठिपका काढतात आणि रुग्ण टेबलावर असतानाच फ्रोझन सेक्शनने तो तपासतात. लहान नर्सिंग होममध्ये फ्रोझन सेक्शनवाला पॅथॉलॉजिस्ट कुठून आणायचा? तिथे एकच होते: संशय आला, काढून टाका. जास्त बघाल तर जास्त कापाल.

आणि नव्या चाचण्यांच्या आकड्यांनी हुरळून जाऊ नका. एम-३७१ नावाची रक्तचाचणी आली आहे, एका सूक्ष्म आरएनएवर आधारलेली. २०१९ मध्ये तिचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला: संवेदनशीलता ९०.१ टक्के, विशिष्टता ९४ टक्के. वाचायला छान. आता हिशेब माझ्या ओपीडीत करू. समजा खालच्या तक्रारीचे १००० पुरुष आले आणि त्यांत खरे ट्यूमर दहा. चाचणी त्यांतले नऊ पकडेल, एक सोडेल. ट्यूमर नसलेल्या उरलेल्या ९९० जणांपैकी सहा टक्के, म्हणजे साधारण ५९ जणांना ती खोटा होकार देईल. होकार आलेल्या ६८ जणांपैकी खरे आजारी नऊ. बाकीच्या ५९ घरांत रडारड. त्या अभ्यासात ट्यूमरचे रुग्ण ६१६ होते आणि तुलनेसाठी घेतलेले पुरुष २५८. माझ्या बाकावर असे प्रमाण कधी बसले आहे का?

आग्रही: नाही, आणि माझा मुद्दा तोच आहे. तुम्ही समजा म्हणून ‘हजारात दहा’ धरलेत. खरे दहा की दोन की वीस? या पट्ट्यात ते कुणी मोजलेले नाही. परदेशातला टक्का आपल्याकडे उचलून आणता येत नाही, कारण बाकावर कोण बसले आहे त्यावर चाचणीचा अर्थ बदलतो. गडचिरोली-चंद्रपूरकडे हत्तीरोगामुळे हायड्रोसीलच इतके, की तिथला हिशेब इथल्यालाही लागू पडणार नाही. मला एम-३७१ आणायची नाही. मला चार तारखा हव्या आहेत: सूज पहिल्यांदा जाणवली कधी, पहिला डॉक्टर गाठला कधी, पहिली सोनोग्राफी कधी, ऑपरेशन कधी. त्या तारखांच्या मध्ये कोणती औषधे दिली गेली. ऑपरेशनआधी एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच या तीन मार्करसाठी रक्त घेतले की राहून गेले. हे राहिले तर नंतरचे आकडे उतरताहेत की नाही हे पडताळायला आधार उरत नाही. एएफपी अर्धा व्हायला पाच ते सात दिवस लागतात, एचसीजीला दीड दिवसाच्या आत-बाहेर. आणि अंडकोषातून सुई घालून तुकडा कुणी काढला का, हेही. कारण तो काढायचा नसतो. वृषण जांघेतून काढतात, खालून छेद दिला की लसीकेची वाटच बदलते. यातल्या एकाही गोष्टीला नवे यंत्र लागत नाही.

शंकेखोर: तारखा गोळा झाल्या, उशीर सिद्ध झाला, असे धरून चालू. मग? या आजाराची गंमत अशी की उशीर झाला तरी तो बरा होतो. १९७४ मध्ये इंडियाना विद्यापीठात लॅरी आइनहॉर्न यांनी सिसप्लॅटिन हे औषध वापरायला सुरुवात केली. त्याआधी पसरलेल्या आजारात शंभरातले दहाएक वाचत. आज ऐंशीच्या घरात वाचतात. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचा आजार १९९६ मध्ये फुप्फुसांत आणि मेंदूत पोचला होता, तरी तो वाचला. म्हणूनच अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०११ मध्ये निरोगी पुरुषांची सरसकट चाळणी करू नका असा सल्ला दिला: आजार दुर्मीळ, उपचार जोरकस, चाळणीने हाती फारसे काही लागत नाही. जिथे आजार कितीतरी जास्त आहे तिथे हा निर्णय, आणि तुम्ही बदलापुरात जागृतीचे फलक लावणार?

आग्रही: फलक नकोत. निरोगी माणसाला चाळणीत घालू नये हे मलाही मान्य आहे. मी बोलतोय तो तक्रार घेऊन आलेल्याबद्दल. ‘वाचतो’ म्हणताना तो कशा अवस्थेत वाचतो तेही बघा. सेमिनोमा हा या कर्करोगाचा प्रकार वृषणापुरता असेल तर अनेकदा ऑपरेशन आणि त्यानंतर नुसती देखरेख पुरते. तोच पोटात गेला की ब्लिओमायसिन, इटोपोसाइड, सिसप्लॅटिनची तीन-चार आवर्तने, प्रत्येक तीन आठवड्यांचे. फुप्फुस, मूत्रपिंड, कान या सगळ्यांवर भार. उपचारांआधी वीर्य साठवून ठेवायला हवे हे लग्न न झालेल्या मुलाला सांगायचे, आणि ते ठाण्याला की मुंबईला होईल याचा शोध घ्यायचा. कंत्राटी कामगाराची तीन महिन्यांची हजेरी जाते, बहुतेकांची नोकरीही. महात्मा फुले योजनेतून औषधाचा खर्च निघेल, बुडालेला पगार निघणार नाही. जगणे-मरणे एवढेच मोजले तर उशीर स्वस्त वाटतो.

शंकेखोर: हे मी मान्य करतो; मृत्यूच्या आकड्यात हे दिसत नाही. पण तुमच्या प्रस्तावात दुसराच विषय चिकटवलाय: पोटाच्या तपासणीची तयारी. एकीकडे म्हणता वृषणाला तयारीच लागत नाही, आणि लगेच जठर, उपवास, चहा. दोन लग्ने एका मांडवात उरकण्याचा हा प्रकार कशाला?

आग्रही: कारण दोन्ही रुग्ण कधीकधी एकच असतो. गर्भात वृषण मूत्रपिंडांजवळ तयार होते आणि मग खाली उतरते. त्यामुळे त्याची लसीका जांघेत जात नाही, थेट महारोहिणीच्या बाजूने मूत्रपिंडांच्या पातळीला जाते. आजार पसरला की पहिली तक्रार कंबरदुखीची, पोट गच्च वाटण्याची, भूक मेल्याची. ज्याचे वृषण लहानपणी खाली उतरलेलेच नाही आणि पोटात राहिले, त्याची तर मूळ गाठच पोटात वाढते. असा मुलगा ॲसिडिटीच्या गोळ्या खातो, मग ‘उपाशी पोटी सोनोग्राफी’ अशी चिठ्ठी घेऊन येतो. अकरा वाजेपर्यंत चहाही न घेता बसतो. वरचे पोट बघून होते, रिपोर्टमध्ये ‘गॅसमुळे नीट दिसत नाही’ किंवा ‘लसीकाग्रंथी मोठ्या’ असे छापून जाते. चड्डी खाली करायला त्याला कुणीही सांगत नाही. चिठ्ठीवर पोट लिहिलेले असते, म्हणून पोटच पाहिले जाते.

आता तयारीकडे या. ‘उपाशी या’ या एका वाक्यामागे चार निरनिराळी कारणे दडलेली असतात. पित्ताशय भरलेले हवे. आतड्यांत गॅस कमी हवा. भूल द्यायची तर जठर रिकामे हवे. आणि सीटीच्या वेळी शिरेतल्या औषधाने उलटी होऊ नये. हे चौथे कारण जुने आहे. तेव्हाच्या कॉन्ट्रास्टने खरोखर उलट्या होत. औषधे बदलली, उपवास राहिला. युरोपच्या यूरोजेनिटल रेडिओलॉजी संस्थेने २०१८ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिले की आजच्या कॉन्ट्रास्टआधी उपाशी ठेवण्याची गरज नाही. तरी आपला मधुमेही गृहस्थ बदलापूरहून सकाळच्या लोकलमध्ये लोंबकळत, साखर उतरलेल्या अवस्थेत मुंबई गाठतो. जठराची भिंतच पाहायची असेल तर नुसता उपवासही उपयोगाचा नाही. आधी रिकामे करून मग अर्धा लिटर पाणी प्यायला लावायचे, बुडबुडे बसू द्यायचे, तेव्हा भिंतीचे थर दिसतात. आणि सीटीत महारोहिणीजवळच्या ग्रंथी शोधायच्या तर पिण्याचे कॉन्ट्रास्ट अजून कामाचे आहे. पाश्चात्त्य देशांत ते सोडून देताहेत, कारण तिथल्या रुग्णाच्या पोटातली चरबी आतडी आणि ग्रंथी वेगळ्या दाखवते. आपल्या सडपातळ कामगाराच्या पोटात ती चरबी नसते. आतड्याचे वेटोळे आणि ग्रंथी एकमेकींत मिसळतात. तिकडचा नियम जसाच्या तसा आणला तर नेमका वृषणाचा रुग्ण फसतो.

 

शंकेखोर: हे सगळे खरे असेल, पण तुम्ही रुग्णाला सूचना कधी देऊन पाहिली आहे? ‘काही खाऊ नका’ एवढेच सांगितले तर दहातले सात ऐकतात. ‘पाणी चालेल, दूध नको, बीपीची गोळी घ्या, साखरेची घेऊ नका, अमुक तपासणी असेल तर खा’ असे सांगितले की तो वडापाव खाऊन येतो आणि म्हणतो, तुम्हीच सांगितले होते. ढोबळ नियमात थोडी चूक असते, पण तो पाळला जातो. बारीक नियम बरोबर असतो आणि कागदावर राहतो. काउंटरवरची मुलगी मराठी, सिंधी, हिंदी बोलणाऱ्या रांगेला दिवसभर तेच सांगते. तिला तुमचा तक्ता पाठ होणार नाही. मी ढोबळ चूक पत्करतो.

आग्रही: तो ढोबळ नियम तरी कुठे पाळला जातो? ‘काही खाल्ले का’ विचारले की उत्तर येते: नाही, फक्त चहा. २०११ च्या युरोपीय भूलतज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेत, एकूण पेयाच्या पाचव्या हिश्शापर्यंत दूध असलेला चहा स्वच्छ पेयात धरला, म्हणजे भुलेआधी दोन तासांपर्यंत चालतो. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासातही, थोडे दूध घातल्याने जठर रिकामे व्हायला उशीर होत नाही असे आढळले. पण तो त्यांचा चहा: पाण्यात पुडी आणि वर दुधाची धार. आपला उकळलेला, निम्मा दुधाचा, तीन चमचे साखरेचा चहा कोणत्या रकान्यात घालायचा? हे सोनोग्राफीने मोजता येते. उजव्या कुशीवर झोपवायचे, जठराच्या खालच्या भागाचा छेद मोजायचा, वयाच्या हिशेबाने आत किती द्रव आहे ते काढायचे. किलोमागे दीड मिलिलिटरच्या वर असेल तर भुलेच्या दृष्टीने धोका. मधुमेहींत रात्रभर उपास करूनही जठर भरलेले सापडते. अंबरनाथच्या चहाचे उत्तर नॉर्वेतून येणार नाही. हा अभ्यास स्वस्त आहे, कुणाला इजा नाही, आणि त्यातून काउंटरवरच्या मुलीला सांगायला एकच, पण तपासलेले वाक्य मिळेल.

शंकेखोर: चहाचा अभ्यास करा. तिथे रुग्णांची वाण नाही, उत्तर अर्ध्या तासात मिळते, कुणाचा संसार पणाला नाही. वृषणाच्या बाबतीत मात्र माझ्या शंका अजून जागच्या जागी आहेत. पहिली, गुप्तता. तीन गावांत मिळून असे रुग्ण वर्षाला मोजके. वय, कॅम्प, कारखाना एवढे लिहिलेत की नाव न लिहिताही मुलगा ओळखू येतो, आणि त्याचे लग्न ठरायचे असते. दुसरी, यंत्र. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ मध्ये देशात पहिला कायदा आपल्या राज्याने केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. तो हवाच होता. पण त्यामुळे सोनोग्राफीचे यंत्र नोंदलेल्या जागेबाहेर सहज नेता येत नाही. कारखान्याच्या दारात शिबिर भरवू हे स्वप्न विसरा. रुग्ण यंत्राकडे येईल, आणि जो येतो तो आधीच थोडा जागा झालेला असतो. म्हणजे टाटाबद्दल तुम्ही जी तक्रार केलीत तीच, फक्त लहान आकारात, तुमच्या वहीला लागू आहे. तिसरी, मोह. दहा रुग्ण झाले की कुणीतरी ते वालधुनी नदीच्या रंगीत पाण्याशी जोडेल, बातमी येईल.

आग्रही: तिसरी भीती मी आधीच कबूल करतो. वालधुनीचे प्रदूषण खरे आहे, पण दहा रुग्णांवरून कारण सांगणे हा खोटेपणा होईल. तो रकाना मी ठेवणारच नाही. गुप्ततेसाठी वयाचे गट आणि तालुका एवढेच लिहीन. एथिक्स कमिटीची परवानगी, लेखी संमती, सीटीआरआय या देशाच्या चाचणी-नोंदवहीत आधी नोंद. निष्कर्ष बघून मग प्रश्न बदलायचा नाही. दुसऱ्या शंकेला मात्र माझ्याकडे पुरे उत्तर नाही. जो आलाच नाही तो माझ्या वहीत नाही. म्हणून मला तुमची ओपीडी हवी आहे, सर. माझ्याकडे येतो तो चिठ्ठी घेऊन येतो. तुमच्याकडे चिठ्ठी नसलेला येतो.

शंकेखोर: माझ्याकडे मी एक नियम पाळतो. सूज दुखरी असेल तर औषध देतो, दोन आठवड्यांत पुरती उतरली नाही तर सोनोग्राफी. न दुखणारी, कडक असेल तर पहिल्याच दिवशी. हे करायला मला कुणाच्या प्रबंधाची गरज पडली नाही.

आग्रही: दोन आठवडेच का? दहा दिवस का नाहीत, तीन आठवडे का नाहीत?

शंकेखोर: अनुभवाने. आणि अनुभवात परत न आलेले रुग्ण धरलेले नसतात, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणतो. भाड्याची खोली बदलतात, गावी जातात, दुसरा डॉक्टर गाठतात. आम्ही मनात त्यांना बरे झालेले धरतो. तेव्हा माझे केस पेपर घ्या, पण माझ्या अटीवर. जो परत आला नाही त्याच्यापुढे ‘बरा’ लिहायचे नाही. फोन करायचा, लागला नाही तर ‘माहीत नाही’ लिहायचे. आणि असे ‘माहीत नाही’ पाचात एकाहून जास्त झाले, तर तुमचा निष्कर्ष छापायचा नाही.